कधी लागतो, कधी नाही: जुन्या स्पोर्ट्स कारचा इंजिनाचा दिवा पकडायचा कसा

मोकळा रस्ता, चौथा गिअर, गाडीची छान लय लागलेली, आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा पेटतो. इंजिनाचा आवाज तोच, पिकअप तोच. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये न्यावी तर दिवा गायब. मेकॅनिक दोनदा रेस देतो, बॉनेटमध्ये डोकावतो आणि ‘आत्ता तर काही दिसत नाही, परत लागला की आणा’ म्हणून वाटेला लावतो. डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दाताचा ठणका थांबावा, तशातली गत.

कायम लागलेला दिवा त्यामानाने सरळ असतो. डोकं खातो तो हा अधूनमधून लागणारा, आणि जुनी स्पोर्ट्स कार घेतली की त्याची गाठ पडतेच. या गाड्या महिनोन्महिने उभ्या राहतात आणि चालतात तेव्हा पिळून काढल्या जातात. बॉनेटखाली जागा कमी, उष्णता भरपूर. त्यात आधीच्या दोन-तीन मालकांनी हौसेने काही ना काही बदललेलं असतं. या सगळ्याचा मार वायरिंगवर आणि रबरावर बसतो. त्यामुळे असा दिवा शोधत गेलं की शेवटी लूज कॉन्टॅक्ट, चिरलेला होज (रबरी नळी), थकलेली कॉइल (प्लगला ठिणगी पुरवणारी) किंवा खराब अर्थिंग यांतलंच काहीतरी बहुधा हाती लागतं. पण तिथवर पोचायचं तर ‘काय बिघडलंय’ याच्या आधी ‘कधी बिघडतं’ हे विचारावं लागतं. नवखे लोक नेमकं हेच सोडून थेट पार्ट मागवतात. मीही मागवला होता. ते पुढे येईलच.

खाली लिहिलंय ते फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांबद्दल, साधारण १९९० ते २००५ या काळातल्या. कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना हा दिवाच सहसा नसतो.

आधी दिवा नीट बघा

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर जपून घरी जाता येतं. तोच दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा. लुकलुकण्याचा अर्थ इंजिन इतकं मिसिंग मारतंय (सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकतंय) की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन तो आतून जळू शकतो. लाल दिवे, म्हणजे ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा, हा वेगळाच विषय आहे. तो लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद. तिथे वही-पेन काढत बसायचं नाही.

आणखी एक साधी तपासणी, गाडी नवीनच हातात आली असेल तर हमखास करा. इंजिन चालू न करता चावी फक्त ऑन करा. इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन करूनही दिवा लागलाच नाही, तर बल्ब गेलेला असेल किंवा गाडी विकताना कुणीतरी तो काढून ठेवलेला असेल. काळी चिकटपट्टी लावलेले दिवेही मी पाहिले आहेत.

दिव्याचं घड्याळ वेगळं असतं

आपल्याला वाटतं की दिवा लागला त्या क्षणी काहीतरी बिघडलं आणि विझला तेव्हा ते बरं झालं. दोन्ही चूक. ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवण्याची ठरलेली पद्धत) असलेल्या गाड्यांत बऱ्याच दोषांसाठी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, पहिल्या फेरीत दोष दिसला की तो नुसता टिपून ठेवतो. लगतच्या दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला तरच दिवा लावतो. फेरी म्हणजे इंजिन सुरू करणं, त्या दोषाची चाचणी पूर्ण होईल इतकं चालवणं आणि बंद करणं. विझण्याचंही तसंच: सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा विझतो, पण कोड, म्हणजे त्या दोषाचा क्रमांक, मेमरीत राहतो. साधारण ४० वेळा इंजिन गार अवस्थेतून पुरतं गरम होईपर्यंत दोष दिसला नाही, तरच तो पुसला जातो.

म्हणजे मंगळवारी संध्याकाळी लागलेला दिवा सोमवारी सकाळच्या गारठ्यात सुरू झालेली तक्रार सांगत असू शकतो. आणि शनिवारी दिवा विझलाय म्हणून गाडी ‘आपोआप नीट झाली’ असंही नाही. मधल्या तीन फेऱ्यांत त्या दोषाला अनुकूल परिस्थिती आली नाही, एवढंच. गॅरेजमध्ये दिवा विझलेला असला तरी ‘कोड वाचून बघा’ असं आग्रहाने म्हणायचं ते याचसाठी.

वायर तुटण्यासारखे काही दोष मात्र पहिल्याच फेरीत दिवा लावतात. दिवा खड्ड्यात गाडी आपटताच लागला असेल, तर ती वेळ खरी धरायला हरकत नाही.

वही

स्कॅनर, म्हणजे कोड वाचायचं यंत्र, नंतर. आधी गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. मोबाइलमध्ये टिपलं तरी चालेल, पण गाडी थांबवून. दर नोंदीत एवढं यायला हवं: इंजिन सुरू करताना गार होतं की गरम, किती मिनिटं चाललं होतं, वेग आणि साधारण आरपीएम, चढ होता की उतार की वळण, हवा कोरडी की दमट, टाकीत पेट्रोल किती, हेडलाइट, एसी, रेडिएटरचा पंखा यांतलं काय चालू होतं, गाडी त्याआधी किती दिवस उभी होती, नुकतीच धुतली होती का. आणि दिवा लागला नसेल पण गाडी एखादा झटका मारून गेली असेल, तर तीही नोंद. दिवा उशिरा लागतो हे लक्षात घेतलं तर हा झटकाच जास्त बोलका.

माझ्या दोन सीटांच्या जुन्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवणारा) कोड यायचा. सेन्सर जुना होताच, मी नवा बसवला. दोन आठवडे शांतता, मग पुन्हा तोच दिवा, तोच कोड. तेव्हा कुठे वही सुरू केली. तीन आठवड्यांत पाच नोंदी झाल्या आणि पाचही रात्रीच्या. दिवसा कितीही चालवली तरी काही नाही. रात्री हेडलाइट लागतात आणि गर्दीत अडकलं की पंखाही फिरतो, म्हणजे विजेचा भार वाढतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली, इंजिन आयडलिंगला ठेवून हेडलाइट आणि पंखा लावला. वाचन ०.४ व्होल्ट. तिथे जवळपास शून्य हवं. त्या सेन्सरचा संदेशच मुळात ०.१ ते ०.९ व्होल्टमधला; त्यात अर्थिंगने ०.४ ची भेसळ केली तर ईसीयूने तरी काय समजायचं? गाडीखाली गेल्यावर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सापडली. बोल्ट घट्ट होता, पण बॉडीला पूर्वी कधीतरी रंग मारताना पट्टीच्या टोकाखालीही रंग गेला होता आणि त्याच्या कडेने गंज चढला होता. पॉलिश पेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत घासलं, बोल्ट परत कसला. काम वीस मिनिटांचं.

कोड वाचताना

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या कार ओबीडी-२ च्या आहेत. युरोपीय संघात नव्या पेट्रोल कारना ही पद्धत २००१ पासून सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावायचा. संक्रमणाच्या काळातल्या काही गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण भाषा कंपनीची स्वतःची असते. स्कॅनर जोडला जात नसेल तर तो फेकून देण्याआधी सॉकेटचा फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत तो सिगारेट लायटरच्याच सर्किटवर असतो आणि उडालेला असतो.

त्याहून जुन्या गाड्यांत दिवाच मोजायचा. पहिल्या पिढीच्या मझदा एमएक्स-५ मध्ये बॉनेटखाली डायग्नोस्टिक डबी आहे. तिच्यात ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही टोकं तारेच्या तुकड्याने जोडून चावी ऑन केली की दिवा कोड लुकलुकतो. त्या काळच्या अनेक टोयोटांमध्ये ‘टीई१’ आणि ‘ई१’ जोडतात. एकदा लुकलुक, थोडी विश्रांती, मग दोनदा लुकलुक म्हणजे १२. टोयोटात तो एकसारखं न थांबता लुकलुकत राहिला तर कोड नाही. डबीत बॅटरीचं प्लस टोकही शेजारीच असतं, तेव्हा अंदाजाने तार खुपसू नका. तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा.

स्कॅनर जोडला गेला की पहिली गोष्ट: कोड पुसायचा नाही. पडद्याचा फोटो काढा. मग ‘पेंडिंग’ कोड बघा. पहिल्या फेरीत टिपलेले, अजून दिवा न लावलेले दोष तिथे सापडतात आणि अधूनमधूनच्या दुखण्यात तेच सोनं असतं. त्यानंतर ‘फ्रीझ फ्रेम’. कोड नोंदवला त्या क्षणी आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार, पाण्याचं तापमान काय होतं याचं ते छायाचित्र असतं. ते वहीशेजारी ठेवून वाचा. कोड पुसला की हे छायाचित्रही जातं, आणि बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत तेच होतं. ‘बॅटरी काढून लावा, दिवा जाईल’ हा सल्ला देणारा पुरावा जाळायला सांगतोय.

कोडवर किती विश्वास ठेवायचा

कोड गल्ली सांगतो, घर नाही. ‘पी०१७१’ म्हणजे पहिल्या बँकेत (सिलिंडरच्या रांगेत) मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. यात ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई करणारे खूप, पण सेन्सर बिचारा बातमी देतोय. इथे फ्युएल ट्रिम बघायला शिका, तेवढं एक शिकलात तरी अर्धी लढाई जिंकलीत. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते हा आकडा सांगतो. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० च्या पुढे गेलं की शोध घ्यावा. आयडलिंगला आकडा अधिक २० आणि २५०० आरपीएमवर ५ वर आला, तर कुठूनतरी न मोजलेली हवा घुसतेय. आयडलिंगला एकूण हवा कमी असते म्हणून चोरीची हवा ठळक दिसते. उलट आयडलिंगला ठीक आणि जोरात पळवताना आकडा चढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय (फिल्टर, पंप) किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय. तेल लावायचे शौकीन एअर फिल्टर बसवलेल्या गाड्यांत हा सेन्सर तेलकट होण्याचे प्रकार घडतात. तो त्याच्याच स्प्रेने धुवा, कार्ब्युरेटर क्लीनरने नाही.

‘पी०३००’ म्हणजे अनेक किंवा बदलत्या सिलिंडरमध्ये मिसिंग, ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्यात, ‘पी०३०२’ म्हणजे दुसऱ्यात, असं पुढे. एकाच सिलिंडरचा कोड असेल आणि प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि चालवा. कोड तिच्या मागोमाग गेला तर चोर सापडला. नाही गेला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर. एक खास स्पोर्ट्स कारची गंमत: आधीच्या मालकाने हलकं फ्लायव्हील (क्रँकला जोडलेलं चाक) बसवलं असेल तर इंजिन ठणठणीत असूनही मिसिंगचा कोड येऊ शकतो. ईसीयू मिसिंग ओळखतो ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वेगातल्या बारीक चढउतारांवरून, आणि हलकं फ्लायव्हील तेच चढउतार वाढवतं.

‘पी०४२०’, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, दिसला की लोक कन्व्हर्टर बदलायला धावतात. त्याआधी एक्झॉस्टचे जोड गळत नाहीत ना, आणि आधी मिसिंगचा कोड येऊन गेला नव्हता ना, एवढं बघा. पेट्रोलच्या वाफेचे ‘पी०४४२’, ‘पी०४५५’ हे कोड आले तर आधी टाकीचं झाकण आणि त्याचं रबर. ही चाचणी बऱ्याच गाड्यांत गार इंजिनावर आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते, म्हणून झाकण सैल राहिलं रविवारी आणि दिवा लागला बुधवारी, असं होतं.

मल्टिमीटर हातात घ्या

कोड कुठलाही असो, जुन्या गाडीत बॅटरी आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकलीय किंवा टोकं मळलीत. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. मग वर सांगितलेली अर्थिंगची चाचणी, आणि सेल्फ मारताना पुन्हा तीच: तिथे ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्ट्या आणि बोल्ट उघडून साफ करा.

आता कपलर, म्हणजे सेन्सर आणि वायर जोडणारा प्लग. इंजिन आयडलिंगला ठेवून, पंखा आणि बेल्टपासून बाह्या-केस दूर ठेवून, संशयित सेन्सरचा कपलर आणि त्यामागची वायर हळूच हलवा. दुसऱ्याने स्कॅनरवर त्याचा आलेख बघायचा. आकडा टुणकन उडाला किंवा इंजिन अडखळलं की तिथेच थांबा. कपलर उघडल्यावर हिरवट बुरशी, मागे सरकलेली पिन, तेलाचा ओलावा हे शोधा. वायरच्या आवरणात सुई टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभराने तुम्हीच केलेला नवा दोष शोधत बसाल. गाडी बरेच दिवस उभी होती का? मग हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, उंदरांचे दातही बघा.

बिघाडाला बोलवा

वहीतून धागा मिळाला की तीच परिस्थिती मुद्दाम घडवायची.

दमट हवेतच होत असेल तर अंधारात इंजिन चालू ठेवून कॉइल आणि प्लग वायरींवर स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. एअर इनटेक आणि अल्टरनेटर वाचवून. कुठे निळसर ठिणगी बाहेर नाचली किंवा इंजिन मिसिंग मारू लागलं तर जागा कळली. हात लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात. पोर्शच्या ९८६ बॉक्स्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये कॉइल इंजिनाच्या बाजूला खाली, एक्झॉस्टच्या उष्णतेत आणि रस्त्याच्या पाण्यात असतात. त्यांच्या प्लास्टिकला केसासारख्या चिरा जातात. गॅरेजच्या कोरड्या फरशीवर त्या निर्दोष दिसणारच.

गरम झाल्यावरच होत असेल, गाडी चालता चालता बंद पडून अर्ध्या तासाने मुकाट सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सरवर पहिला संशय. ‘पी०३३५’ आला तर उत्तमच, पण कधीकधी कोडही येत नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच दाखवत असेल तर सेन्सर बोलत नाहीये. हेअर ड्रायरने सेन्सर तापवून बघणं ही घरगुती युक्ती चांगली चालते.

लांब वळणात, टाकी पाव भरलेली असताना झटका येत असेल तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. टाकी अर्धी भरून तेच वळण त्याच वेगाने घ्या. झटका गेला तर निदान झालं.

हवा चोरणारे होज शोधायला धुराची चाचणी (आत धूर सोडून तो कुठून गळतो ते बघणं) सर्वांत खात्रीची, आणि ती करून देणारे मिळतात. घरी करायचं तर जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारून आयडलिंग क्षणभर बदलतं का ते पाहा. गरम इंजिनावर ब्रेक क्लीनरसारखा पेटणारा स्प्रे मारण्याची पद्धत तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. गाडी जळालेली परवडत असेल तर करा.

गाडीखाली शिरायचं असेल तर जॅक फक्त उचलण्यापुरता. गाडी स्टँडवरच टेकवा. आणि चालत्या रस्त्यावर स्कॅनर बघणारा माणूस शेजारच्या सीटवर असतो, स्टिअरिंगवर नाही.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉइल आणि सेन्सर एकदम बदलले आणि दिवा गेला, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. नंतर कोड पुसा आणि स्कॅनरवर ‘रेडिनेस’ची यादी उघडा. कोड पुसला की सगळ्या चाचण्या ‘अपूर्ण’ होतात. त्या पूर्ण होईपर्यंत दिवा लागला नाही म्हणजे काही सिद्ध झालं नाही. गार इंजिनावर सुरुवात, थोडं गावातलं, थोडं एकसारख्या वेगाचं चालवणं असं काही दिवस मिळून त्या पूर्ण होतात. पण खरी परीक्षा वहीतली. बिघाड रात्री, पंखा चालू असताना यायचा तर रात्री, पंखा चालू करूनच चालवून बघा.

एवढं करूनही सापडलं नाही तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. त्याच्या हातात वही, कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो, आणि आतापर्यंत काय काय तपासलं आणि बदललं याची यादी द्या. ‘मधूनमधून दिवा लागतो’ एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा तुमची गाडी तो लवकर हातात घेईल.

आणि काढलेले पार्ट लगेच टाकू नका. माझा तो जुना ऑक्सिजन सेन्सर अजून डिकीत आहे. नंतर एकदा परत लावून पाहिला, उत्तम चालतो.